मेडल गळ्यात पडल्यानंतर



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न येतोय : ‘मॅडम, तयारीबद्दल बोलणार ना?’ नाही बोलणार. साताऱ्यात तयारीबद्दल बोलणाऱ्यांची वानवा नाही. रविवारी पहाटे यवतेश्वरच्या घाटात नुसतं उभं राहिलं, तरी कुणीतरी येऊन जेल कधी खायचं आणि चढाला पाऊल किती आखूड टाकायचं हे सांगून जातो. त्यात वाईट काही नाही. ज्या गावात एकेकाळी हाफ मॅरेथॉन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागायचं, तिथली माणसं आज दक्षिण आफ्रिकेत जाऊन नव्वद किलोमीटर धावून येतात.

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे ही मंडळी येतात ती परत आल्यावर. येणारा बहुतेक जण मोबाइलमधला ट्रेनिंग प्लॅन उघडून दाखवतो. रोजची चौकट, तिच्यात किलोमीटर, वेग, व्यायाम, आठवड्याचा सुट्टीचा वार. शेवटच्या रविवारच्या चौकटीत ठळक अक्षरात ‘रेस’. त्याखाली पान कोरं. जणू सोमवार उजाडणारच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं : त्या रविवारनंतरचे सहा-आठ आठवडे त्याच प्लॅनमध्ये मोडतात आणि ते रेसला जाण्याआधी लिहून काढायला हवेत. पुढचं ध्येय मात्र तेव्हा ठरवू नये. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पुढची रेस आधीच बुक असते आणि विश्रांती काय ती बघू नंतर!

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांच्या तासाला ज्यांनी घाम गाळलाय त्यांना एक गोष्ट आठवत असेल. क्रॉसकंट्रीत पहिल्या आलेल्या पोराला सर बसू देत नसत. शेवटचा जिथे असेल तिथपर्यंत त्याला उलट चालत पाठवायचे आणि दोघांनी मिळून मैदानात यायचं. आम्हाला ती शिक्षाच वाटायची. फिजिओथेरपी शिकल्यावर त्यातलं अर्धं शास्त्र मला कळलं. उरलेल्या अर्ध्याबद्दल पुढे बोलते.

उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या त्या कॉम्रेड्स मॅरेथॉनचंच घेते, कारण इथल्या बऱ्याच जणांच्या घरात ते मेडल आहे. १९२१ साली पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आठवणीसाठी व्हिक क्लॅपहॅम या माजी सैनिकानं ती सुरू केली. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधली ही दौड. साधारणपणे एका वर्षी चढाच्या दिशेनं, पुढच्या वर्षी उताराच्या. अंतर पंच्याऐंशी ते नव्वद किलोमीटरच्या आसपास, वेळ बारा तास. बारा तास पुरे होताच बंदूक वाजते. ती वाजवणारा अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा असतो, दोन पावलांवर कोण आहे ते त्याला दिसू नये म्हणून.

‘डाउन रन’ म्हटलं की नवख्याला बरं वाटतं. उतारच तर आहे! पीटरमॅरिट्झबर्ग सहाशे मीटरच्या वर आणि डर्बन समुद्राला लागून. पण मधे चढही भरपूर आहेत आणि साठ किलोमीटर ओलांडल्यावर फील्ड्स हिल नावाचा उतार येतो, तो मांड्यांचं पीठ करतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला एकाच वेळी भार पेलायचा असतो आणि ताणलंही जायचं असतं. चढताना तो आखडत काम करतो, उतरताना लांबत लांबत ब्रेक लावतो. या ब्रेक लावण्यात स्नायूंचे बारीक तंतू तुटतात. हजारो पावलं, प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार. म्हणून डाउन रन केलेला माणूस सपाटीवर बरा चालतो, पण जिना मात्र उलटा उतरतो, कठड्याला दोन्ही हात धरून, पाठमोरा. माझ्या क्लिनिकला दहा-बारा पायऱ्या आहेत. जून महिन्यात वरून बघितलं की कोण कॉम्रेड्सहून आलंय ते विचारावं लागत नाही.

दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतं, तिसऱ्या दिवशीही कमी नसतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं ते लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला तर. तुटलेल्या स्नायूंमधला रंगद्रव्याचा भाग मूत्रपिंडात जाऊन बसतो आणि मग प्रकरण फिजिओचं राहत नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. याच कारणासाठी रेसच्या दिवशी आणि नंतरचे दोन-तीन दिवस पेनकिलर घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही मंडळी आधीच शिणलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. शेजारच्या खाटेवरचा मित्र कितीही प्रेमानं गोळी पुढे करो, नको म्हणा.

पाण्याचंही तसंच. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला आपण प्रसादासारखा वाटतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्के लोकांचं सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेलं निघालं आणि त्यातले बरेच जण धावताना पाणी पिऊन वजन वाढवून आलेले होते. तहान लागेल तेवढं प्या, खारट काहीतरी खा. रेसनंतर हॉटेलच्या खोलीवर जाऊन तीन लिटर संपवायची पैज लावू नका. परतीचा विमानप्रवास लांबचा असतो. तासन्‌तास पाय दुमडून बसलं तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. मधल्या वाटेकडची सीट घ्या, नाही मिळाली तर शेजाऱ्याला खुशाल त्रास द्या, पण दर तासाला उठा.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. घरी आल्यावर उत्साहानं ‘फुल बॉडी चेकअप’ करू नका. किमान दोन आठवडे तरी नाही. स्नायू तुटल्यामुळे क्रिएटिन कायनेज, जे एरवी शे-दोनशेच्या आसपास असतं, ते हजारांच्या घरात गेलेलं असतं. यकृताच्या तपासणीतले आकडेही वाढतात, कारण ती एन्झाइमं स्नायूंमध्येही असतात. हृदयाच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिनसुद्धा मॅरेथॉननंतर तात्पुरतं वाढलेलं सापडतं. रिपोर्ट बघून घरात रडारड होते आणि दोन हजार किलोमीटर सराव केलेला माणूस सलाइन लावून पडलेला असतो. तपासणी करावीच लागली तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की मी अमुक दिवशी अमुक किलोमीटर धावलोय. अर्थात छातीत दुखलं, चक्कर आली, तर यातलं काही मनात न आणता लगेच जायचं.

आता मुख्य भानगड. शरीर एकाच घड्याळावर दुरुस्त होत नाही. स्नायूंमधला साखरेचा साठा नीट जेवलं तर दोन-तीन दिवसांत भरून येतो. दुखणं आठवड्याभरात ओसरतं. स्नायूंची ताकद पुरती यायला दोन-तीन आठवडे, कधी जास्तही लागतात. टाचेमागची शीर आणि पायाची हाडं या सगळ्यांत सावकाश चालतात आणि ती कुरकुर करत नाहीत. म्हणून माझ्या अनुभवात सगळ्यात वाईट काळ पहिला आठवडा नाहीच. तेव्हा माणूस दुखण्यामुळे आपोआप शहाणा असतो. घात होतो तिसऱ्या आठवड्यात. दुखत काही नाही, दम उत्तम आहे, वजन कमी झालंय, ग्रुपवर कुणीतरी कासपर्यंत लाँग रन टाकलाय. ‘मॅडम, इतकं हलकं वाटत होतं ना!’ हे वाक्य ऐकलं की मी नडगीच्या हाडावर बोट ठेवते. एका ठरावीक जागी दाबल्यावर तो ओरडला, की पुढचे सहा-आठ आठवडे धावणं बंद.

न्यूझीलंडचा जॅक फॉस्टर वयाच्या तिशीनंतर धावायला लागला आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेचाळीसाव्या वर्षी मॅरेथॉनचं रौप्यपदक घेऊन गेला, वेळ २ तास ११ मिनिटं. त्याच्या नावानं एक ठोकताळा चालतो : जितके मैल रेस, तितके दिवस पुन्हा रेस नाही. मॅरेथॉनला सव्वीस दिवस. कॉम्रेड्सचे छप्पन्न मैल धरले तर जवळजवळ दोन महिने. हा प्रयोगशाळेतून आलेला नियम नाही, एका मुरलेल्या माणसाचा अंदाज आहे आणि तो धावण्याबद्दल नसून रेसबद्दल आहे. दोन महिने गादीवर पडून राहा असं फॉस्टर म्हणत नव्हता. चाला, पोहा, तिसऱ्या आठवड्यापासून हळू धावा. घड्याळ घरी ठेवा. इतक्या वर्षांत मला याहून चांगला आकडा सापडलेला नाही.

कुणी म्हणेल, ब्रिटनचा रॉन हिल १९६४ च्या डिसेंबरपासून २०१७ च्या जानेवारीपर्यंत रोज किमान एक मैल धावला, एक दिवस चुकवला नाही, त्याचं काय झालं? शस्त्रक्रियेनंतरही तो कुबड्या घेऊन तो मैल पुरा करत होता. मला त्याचं कौतुक आहे, पण तो मला पेशंट म्हणून नको.

उशिरा येणाऱ्या बिलाची गोष्ट सांगते. १९८२ च्या एप्रिलमधली बोस्टन मॅरेथॉन. अल्बर्टो सालाझार आणि डिक बीअर्डस्ली शेवटपर्यंत खांद्याला खांदा लावून, ऊन रणरणतं. सालाझार जेमतेम दोन सेकंदांनी जिंकला आणि लगेच त्याला सलाइनवर घ्यावं लागलं. बीअर्डस्ली जूनमध्ये, म्हणजे दोन महिन्यांत, दुसरी मॅरेथॉन धावला आणि जिंकलाही. सालाझार त्याच शरद ऋतूत न्यूयॉर्क जिंकला. बघणाऱ्याला वाटावं, कुठे काय झालं? पण त्यानंतर दोघेही त्या उंचीवर परत गेले नाहीत. एका रेसमुळेच हे झालं असं ठामपणे म्हणता येत नाही, दोघांच्या आयुष्यात पुढे बरंच काही घडलं. तरी पाठोपाठचे विजय हा शरीर भरून आल्याचा पुरावा मानू नये, इतकं त्यातून नक्की घेता येतं. सालाझारला पुन्हा मोठा विजय मिळाला तो बारा वर्षांनी, १९९४ मध्ये आणि तो कॉम्रेड्समध्ये.

त्याच कॉम्रेड्सचा राजा ब्रूस फोर्डाइस. १९८१ ते १९८८ सलग आठ वेळा जिंकला. नववं वर्ष १९८९. साऱ्या देशाचं लक्ष. पण त्या वर्षाच्या सुरुवातीला तो स्टेलेनबॉशला शंभर किलोमीटरची एक मोठी रेस धावून बसला होता आणि दोन्ही एका वर्षात जमणार नाहीत हे ओळखून तो कॉम्रेड्सला उतरलाच नाही. त्या वर्षी सॅम शबलाला जिंकला, ही रेस जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय धावपटू. फोर्डाइस १९९० ला आला आणि नवव्यांदा जिंकला. सलग आठ जिंकलेल्या माणसाला ‘यंदा नाही’ म्हणता येतं, आणि आपल्याला दुसऱ्या मेडलसाठी म्हणता येत नाही.

म्हणता का येत नाही, यावर थोडं थांबते, कारण ही जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे माणूस परदेशातून मेडल घेऊन आला की सत्कार ठरलेला. चौकात फ्लेक्स, हलगी, शाल-श्रीफळ, शाळेतल्या मुलांसमोर भाषण. मला याचा राग नाही. बँकेत नोकरी करून पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाच्या गळ्यात एकदा हार पडला तर पडू दे. पण सूत्रसंचालक माइक पुढे करतो आणि विचारतो, ‘आता पुढचं लक्ष्य काय?’ समोर दीडशे माणसं. पाय सुजलेले, झोप अर्धवट, डोक्यात अजून डर्बनचा जल्लोष. अशा वेळी कुणी ‘अजून ठरवलं नाही’ म्हणत नाही. तो म्हणतो, आयर्नमॅन. टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, मग ४२.२ किलोमीटर धावणं, आणि आमच्या या भल्या माणसाला पोहता येत नाही! बायको पहिल्या रांगेत बसलेली असते, तिला हे तिथेच कळतं. एका वहिनींनी मला सांगितलेलं जसंच्या तसं सांगते : ‘मॅडम, मला वाटलं आता तरी रविवारी हे घरी दिसतील.’

बोलून बसलेल्या ध्येयातून मागे येणं फार अवघड. फी भरलेली असते, गाव विचारत असतं. मग कॅलेंडर असं दिसतं : जूनमध्ये कॉम्रेड्स, सप्टेंबरमध्ये आपली हिल हाफ मॅरेथॉन, पाऊस सरला की दोनशे-तीनशे किलोमीटरच्या बीआरएम सायकल राइड्स, जानेवारीत मुंबई, मग पुन्हा कॉम्रेड्स, कारण पहिल्या दोन कॉम्रेड्स लागोपाठ पुऱ्या केल्या तर ‘बॅक टू बॅक’चं वेगळं मेडल मिळतं. त्या मेडलवर माझा आक्षेप नाही, दोन कॉम्रेड्समध्ये वर्षाचं अंतर असतं आणि ते पुरेसं आहे. मधे काय काय कोंबलंय ते मी बघते.

घाईचं दुसरं कारण आत असतं. रेसनंतर पंधरा-वीस दिवसांनी बऱ्याच जणांना अगदी उदास वाटतं. अलार्म नसताना साडेतीनला जाग येते आणि करायला काही नसतं. जेवण, झोप, सुट्ट्या, मित्र, सगळं ज्या एका तारखेभोवती बांधलं होतं ती तारीख मागे गेलेली असते. अभिनव बिंद्रानं २००८ च्या बीजिंग सुवर्णपदकानंतर आलेल्या पोकळीबद्दल मोकळेपणानं सांगितलंय, मायकेल फेल्प्सनंही ऑलिम्पिकनंतरच्या नैराश्याबद्दल. सुवर्णपदकवाल्यांची ही गत, तर बारा तासांच्या आत कसाबसा पोचलेल्या माणसाला ती येऊ नये असं थोडंच आहे? ही पोकळी बुजवायला माणूस नवी रेस बुक करतो. दोन दिवस बरं वाटतं, कारण पुन्हा एक तारीख मिळालेली असते. उदासी दोन-तीन आठवड्यांपेक्षा लांबली, झोप-भूक गेली, तर मात्र फिजिओकडे किंवा ग्रुपच्या ॲडमिनकडे जायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं.

पोचल्यानंतरचं आधीच ठरवून ठेवणं आपल्याला नवं नाही. आपल्या जिल्ह्यातून ज्ञानेश्वर माउलींची पालखी जाते. नीरा ओलांडली की लोणंद, तरडगाव, फलटण. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. हे सगळं आपण टीव्हीवर तासन्‌तास बघतो. एकादशी झाली की कॅमेरे गुंडाळले जातात आणि बहुतेक लोक एसटीनं घरी येतात. पालखी मात्र द्वादशीला निघत नाही. पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत मुक्काम पंढरपुरातच. मग ती आल्या वाटेनं चालत आळंदीला परतते, थोड्या माणसांबरोबर. मुक्काम ठरलेले, वेळा ठरलेल्या. जाताना अठरा-वीस दिवस लागतात, येताना साधारण दहा, म्हणजे परतताना रोजची चाल जास्तच; तेव्हा ही वाट विश्रांतीची आहे असा भाबडा दावा मी करणार नाही. मला त्यातलं वेळापत्रक आवडतं. पोचल्यावर थांबायचे दिवस आणि परतायचे दिवस निघण्यापूर्वीच ठरलेले असतात, एकादशीच्या रात्री कुणी बसून ते आखत नाही.

तेव्हा जाण्यापूर्वी कागदावर लिहून काढा : परत आल्यावर पहिला आठवडा कामावर काय करणार, पहिलं धावणं कोणत्या तारखेच्या आधी नाही, आणि कोणत्या तारखेच्या आधी एकही फॉर्म भरायचा नाही. ही शेवटची तारीख सर्वांत कडक. कागद स्वतःजवळ ठेवू नका. घरी द्या. घरातलं माणूस तो काढून दाखवायला वाटच बघत असतं.

आणि ती तारीख आल्यावर काय निवडायचं? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. अंतर वाढवणं हा सगळ्यात आळशी पर्याय आहे. एकवीस झाले, बेचाळीस. बेचाळीस झाले, नव्वद. नव्वद झाले, एकशे साठ. यात विचार काहीच करावा लागत नाही. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ गिर्यारोहक २०१२ साली एव्हरेस्टवर पोचले. त्याहून उंच डोंगर पृथ्वीवर नाही, त्यामुळे उंचीच्या हिशेबानं पुढचं ध्येय शक्यच नव्हतं. त्यांनी ल्होत्से केलं, मकालू केलं, २०१९ मध्ये कांचनजुंगा, २०२१ मध्ये अन्नपूर्णा. यातलं प्रत्येक शिखर एव्हरेस्टहून बुटकं, आणि अन्नपूर्णा तर गिर्यारोहकांच्या जिवावर उठण्यात कुप्रसिद्ध. शिवाय त्यांनी गिर्यारोहण शिकवणारी संस्था काढली. नव्वद किलोमीटर धावलेल्या माणसानं पुढचं वर्ष दहा किलोमीटर वेगात धावायला घालवलं तर त्याला कमीपणा नाही. पन्नाशीच्या माणसानं सहा महिने वजनं उचलली तर त्याचे गुडघे मला दुवा देतील. पोहायला शिकायचंय? जरूर शिका, पण आयर्नमॅनचा फॉर्म भरण्याआधी.

कॉम्रेड्समध्ये ‘बस’ नावाचा प्रकार आहे. एक अनुभवी धावपटू ठरावीक वेळेचा फलक घेऊन निघतो, तो ड्रायव्हर. त्याच्या मागे शे-दोनशे माणसं गाणी म्हणत, चढाला ठरवून चालत, उताराला ठरवून धावत जातात. ड्रायव्हरची स्वतःची वेळ त्या दिवशी वाया जाते. सरांच्या त्या शिक्षेचा उरलेला अर्धा अर्थ मला या बसमध्ये दिसला. आपल्या घाटात हे का नसावं? शेवटच्या वेळेच्या आत पोचू की नाही या भीतीनं रडकुंडीला आलेल्या पोरीबाळी आणि काका-मावश्या दरवर्षी असतात. एखादा कॉम्रेड्सवाला त्यांच्यासाठी बस चालवू शकतो.

फोर्डाइसचं पुढे काय झालं हेही सांगते. २०११ मध्ये त्यानं दक्षिण आफ्रिकेत ‘पार्करन’ आणलं. शनिवारी सकाळी बागेत पाच किलोमीटर, फी नाही, बक्षीस नाही, चालत आलात तरी चालेल. ज्या माणसानं नऊ वेळा नव्वद किलोमीटर जिंकले त्यानं लोकांना पाच किलोमीटरसाठी घराबाहेर काढायला घेतलं आणि आज त्या देशात शेकडो ठिकाणी ते चालतं.

जाता जाता सत्कार समितीला एक विनंती, कारण तिचे निम्मे सदस्य समोर बसलेत. यंदाची मंडळी जूनमध्ये परत येतील. हार घाला, हलगी वाजवा, पण कार्यक्रम तीन आठवड्यांनी ठेवा. शाल देताना त्यांना उभं करू नका, खुर्ची द्या. फोटोत वहिनींना आणि आईवडिलांना घ्या. आणि सूत्रसंचालकाला आधीच बजावून ठेवा, पुढचं लक्ष्य विचारायचं नाही. विचारायचंच असेल तर विचारा, काय खाल्लंत, कुठे रडलात, कोणी हात दिला. त्याची उत्तरं फार चांगली येतात.